पंखावरची हवा आवरणारी चकती: पिझो सिंथेटिक जेट म्हणजे काय, आणि ते सुधारायचं कसं?

जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने ऑरोरा फ्लाइट सायन्सेस या कंपनीला एक्स-६५ हे प्रायोगिक विमान बांधायला सांगितलं. बातम्यांचे मथळे साधारण एकाच साच्यातले होते: फ्लॅप नसलेलं विमान, हवेच्या झोतावर वळणारं विमान. मथळे अगदीच खोटे नव्हते. सुमारे नऊ मीटर पंखविस्ताराचं, तीन टनांहून जास्त वजनाचं हे बिनवैमानिक विमान पंखांच्या आणि शेपटीच्या पृष्ठभागावर हवेचे झोत सोडून वळवायचं, असा तो बेत आहे. सुरुवातीच्या उड्डाणांत नेहमीच्या हलत्या पट्ट्याही, म्हणजे फ्लॅप वगैरे, राहणार आहेत, हे मात्र बहुतेक मथळ्यांनी गाळलं.

मथळ्यांनी गाळलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. झोतासाठी हवा येणार कुठून? एक्स-६५मध्ये ती दाबाखालची हवा आहे. म्हणजे ती दाबणारी यंत्रणा आली, पंखभर नळ्या आल्या, झडपा आल्या आणि या सगळ्याचं वजन आलं. पट्ट्या आणि बिजागऱ्या काढून तिथे प्लंबिंग बसवलं, तर नफा किती उरतो हा रास्त प्रश्न आहे.

याच क्षेत्रात गेली पंचवीस-तीस वर्षं एक वेगळी वाट चोखाळली जाते आहे. तिथे नळी नाही, टाकी नाही, पंप नाही. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती, तिच्यामागे दोन तारा आणि समोर एक बारीक भोक, एवढ्यावर काम चालतं. ही चकती आजूबाजूचीच हवा आत घेते, तीच बाहेर फेकते आणि तरीही एक सरळ, वेगवान झोत तयार करते. तिचं नाव सिंथेटिक जेट. प्रयोगशाळेत ती सुरेख चालते. विमानावर मात्र अजून रुळलेली नाही. हे असं का, आणि ती सुधारण्यासाठी नेमकं काय करतात, हे या लेखात पाहू.

हवा पंखाला सोडून का जाते?

सगळ्याचं मूळ एका अडचणीत आहे. पंखाला लगटून जाणारी हवा घर्षणाने मंदावते. पृष्ठभागाला चिकटलेला थर तर जवळपास थांबलेलाच असतो आणि वर वर जावं तसा वेग वाढत जातो. या पातळ, मंदावलेल्या थराला सीमास्तर म्हणतात. १९०४ साली हायडेलबर्गला भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लुडविग प्रांट्ल यांनी तो पहिल्यांदा मांडला. त्यांचा निबंध जेमतेम आठ पानांचा होता, पण आजचं वायुगतिशास्त्र त्यावर उभं आहे.

पंखाच्या मागच्या भागात हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जायचं असतं. वरच्या वेगवान हवेला हे जमतं. सीमास्तरातल्या हवेकडे तेवढा जोर उरलेला नसतो. ती अडते, थांबते, उलटी फिरते आणि वरचा सगळा प्रवाह पृष्ठभाग सोडून बाजूला होतो. पंखाचं नाक जास्त वर केलं की विमान एकदम उचल गमावतं, त्याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्याच्या मुळाशी हेच विलग होणं असतं. मोटारीच्या आणि ट्रकच्या मागे जो ओढणारा, घुसळणारा हवेचा पट्टा तयार होतो, तोही याचाच भाऊ.

उपाय दोन. मंदावलेली हवा शोषून घ्या, किंवा तिच्यात जोर भरा. पहिला उपाय खुद्द प्रांट्ल यांनीच त्या निबंधात दाखवला होता: दंडगोलाच्या एका बाजूला फट ठेवून तिथून द्रव शोषला, की त्या बाजूचा प्रवाह पृष्ठभागाला धरून राहतो. दुसरा उपाय अनेक विमानांच्या पंखांवर उघड्या डोळ्यांना दिसतो. तिथे छोट्या उभ्या पात्या ओळीने चिकटवलेल्या असतात. त्या भोवरे तयार करतात आणि वरची वेगवान हवा खाली ओढून आणतात. पण पात्या चोवीस तास तिथेच असतात. गरज उतरताना आणि चढताना, आणि भुर्दंड मात्र संपूर्ण प्रवासभर. हवी तेव्हा चालू, नको तेव्हा बंद, अशी पाती मिळाली तर? सिंथेटिक जेटकडून अपेक्षा आहे ती एवढीच.

जेवढी हवा आत, तेवढीच बाहेर, मग झोत कसला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे आणि तो चांगला आहे. चकती आणि भोक यांच्यामध्ये एक छोटी पोकळी असते. चकती पुढे आली की पोकळीतली हवा भोकातून बाहेर जाते. मागे गेली की तेवढीच हवा परत आत येते. पूर्ण फेऱ्याचा हिशेब मांडला तर बाहेर पडलेल्या हवेचं प्रमाण शून्य. मग समोर ढकललं काय गेलं?

पेटती मेणबत्ती हातभर अंतरावर धरा आणि फुंका. विझते. आता तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच जोराने श्वास आत ओढा. ज्योत जेमतेम हलते. फुंकलेली हवा एका अरुंद धारेत सरळ जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी थोडी थोडी येते. हवेचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच असतं, तिची वाट मात्र सारखी नसते.

भोकाच्या तोंडाशी हेच सेकंदाला हजार वेळा घडतं. बाहेर पडणारी हवा कडेशी वळते आणि तिचं कडं बनतं, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा गोल भोवरा. हा भोवरा स्वतःच्याच फिरण्यामुळे पुढे सरकतो. चकती मागे जाऊन शोषायला लागेपर्यंत तो पुरेसा दूर गेलेला असतो, त्यामुळे शोषली जाते ती त्याच्या आजूबाजूची स्वस्थ हवा. मग दुसरा भोवरा, तिसरा, चौथा. थोड्या अंतरावर ते एकमेकांत मिसळून अखंड झोत होतो. हवेची निव्वळ भर शून्य, पण संवेगाची, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाची, भर शून्य नाही. आरी ग्लेझर आणि बार्टन स्मिथ यांनी जॉर्जिया टेकमध्ये हे सगळं बारकाईने मोजून १९९८ साली प्रसिद्ध केलं. तिथपासून हा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

यात एक अट आहे. भोवरा निसटला पाहिजे. एका फुंकरीत हवेचा दांडा भोकाच्या व्यासाच्या निदान निम्म्याएवढा तरी बाहेर यायला हवा. त्याहून कमी आला तर तीच हवा आत-बाहेर करत राहते आणि झोत बनतच नाही. हा आकडा गोल भोकाचा. लांबट फटीला याहून बराच मोठा दांडा लागतो.

चकती हलते ती कशाने?

१८८० साली जाक आणि पियेर क्युरी या भावांना दिसलं की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार येतो. उलटही घडलं पाहिजे, असं गाब्रिएल लिपमन यांनी पुढच्याच वर्षी गणिताने सांगितलं आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने खरं ठरवलं. वीज दिली की स्फटिक आकार बदलतो. हाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम. आज वापरतात तो पदार्थ क्वार्ट्झ नाही. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांपासून बनवलेली ती एक सिरॅमिक आहे आणि तिला पीझेडटी म्हणतात.

आकार बदलतो म्हणजे किती? हजारात एक भाग झाला तरी खूप. एवढ्याशा फरकाने हवा ढकलता येणार नाही, म्हणून युक्ती करतात. पीझेडटीची पातळ चकती पितळेच्या पातळ पत्र्यावर चिकटवायची. वीज दिली की सिरॅमिक आडवी आकसते आणि पितळ आकसायला तयार नसतं. मग दोघं मिळून वाकतात आणि चकती घुमटासारखी फुगते. उलट वीज दिली की दुसऱ्या बाजूला. मनगटी घड्याळातला आणि स्मोक अलार्ममधला बझर अगदी असाच असतो. किंबहुना अनेक संशोधकांनी सुरुवातीचे प्रयोग बाजारात मिळणाऱ्या बझरच्या चकत्यांवरच केले.

आकडे मांडून पाहू, कारण इथे आकडेच बोलके आहेत. ३० मिलिमीटर व्यासाची चकती घ्या. तिचा मध्य दोन्ही बाजूंना ५० मायक्रॉन हलतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. कडा पक्क्या धरलेल्या असल्याने हलतो तो मुख्यतः मधला भाग. त्यामुळे एका फुंकरीत विस्थापित होणारी हवा भरते जेमतेम २४ घन मिलिमीटर. ती १.२ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून काढायची आहे. म्हणजे हवेचा सुमारे २१ मिलिमीटर लांबीचा दांडा बाहेर येणार. वर सांगितलेली अट इथे कितीतरी पटींनी पुरी होते. हे सेकंदाला हजार वेळा करा. फुंकरीला वेळ मिळतो अर्धा मिलिसेकंद आणि भोकाशी कमाल वेग निघतो सुमारे ६५ मीटर प्रति सेकंद. ताशी २३० किलोमीटरच्या वर!

आता दुसरी बाजू. या झोताचा सरासरी धक्का काढला तर तो येतो दीड मिलिन्यूटनच्या आसपास, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम वजनाएवढा. ‘अशा चकत्या लावून विमान ढकलता येईल का?’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. हा झोत विमान ढकलायला नसतोच. तो प्रवाहाला योग्य जागी, योग्य वेळी टोचायला असतो.

पोकळी: सगळ्यात दुर्लक्षित भाग

वरच्या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली: चकतीने ढकललेली सगळी हवा बाहेर पडते. हवा दाबली जाते, त्यामुळे हे नेहमी खरं नसतं. चकती फार वेगाने हलली तर भोकातली हवा जागची हलण्याआधीच पोकळीतली हवा नुसती दाबली जाते आणि परत फुलते. बाहेर काहीच जात नाही.

पोकळीतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि भोकातली हवा त्या स्प्रिंगवरच्या वजनाचं. या जोडीची स्वतःची एक कंप्रता असते, म्हणजे सेकंदाला किती वेळा हेलकावायचं तो ठरलेला आकडा (तो हर्ट्झमध्ये मोजतात). त्या कंप्रतेला ती सर्वांत जोमाने हलते, याला हेल्महोल्ट्झ अनुनाद म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकल्यावर घुमतो तो आवाज याच अनुनादाचा. आपल्या चकतीसमोर दीड मिलिमीटर खोल पोकळी आणि तिच्यापुढे दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतीतलं भोक असेल, तर ही कंप्रता हजार हर्ट्झच्या आसपास येते. पोकळीची खोली निम्मी केली की ती १,४०० हर्ट्झपाशी जाते. केवळ पाऊण मिलिमीटरचा फरक! म्हणून पोकळी ही उरलेली रिकामी जागा नसून तिची खोली काळजीपूर्वक ठरवावी लागते. सुरुवातीच्या बऱ्याच रचनांत ती फार मोठी ठेवली जायची आणि मग झोत कमजोर का, याचं खापर चकतीवर फोडलं जायचं.

दुसरी कंप्रता चकतीची स्वतःची. व्यास, जाडी आणि कडा किती घट्ट धरल्या आहेत यावर ती ठरते. यंत्र सुधारण्याचा अर्धा खेळ या दोन कंप्रतांचा आहे. दोन्ही एकमेकींच्या जवळ आणल्या तर तिथे जोरदार उसळी मिळते. विस्थापन चकतीचं आणि वाढ पोकळीची, असा दुहेरी लाभ. मात्र ही उसळी अगदी अरुंद पट्ट्यात मिळते. दोन कंप्रता लांब ठेवल्या तर दोन बुटकी शिखरं मिळतात आणि मधला बराच पट्टा वापरण्याजोगा राहतो.

शोधनिबंधांत बहुधा पहिलं निवडलेलं दिसतं, कारण कमाल वेगाचा आकडा मोठा येतो. प्रयोगशाळांत १०० मीटर प्रति सेकंदाच्या वरचे वेग मिळालेले आहेत. पण मला विचाराल तर हा आकडा थोडा फसवा आहे. तो स्थिर हवेत, भोकाच्या अगदी तोंडाशी, एकाच कंप्रतेला आणि एका ठरावीक तापमानाला मोजलेला असतो. मोजण्यातही खाचखळगे आहेत. वेग मोजायला जी तापलेली बारीक तार वापरतात, तिला हवा कुठून कुठे जाते हे कळत नाही, फक्त किती वेगाने जाते ते कळतं. त्यामुळे शोषण्याचा वेगही आलेखात फुंकरीसारखाच वर आलेला दिसतो आणि तो ओळखून उलटा करावा लागतो. मोठा आकडा दिसला की तो कुठे, कसा मोजला, हे आधी पाहावं.

चकतीत काय सुधारता येतं?

पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे मापांचं प्रमाण. सिरॅमिकची चकती पितळेच्या पत्र्याएवढीच मोठी असेल तर कडेचा भाग उलट वाकायला बघतो आणि आपलाच जोर आपण खातो. ती थोडी लहान ठेवली तर विस्थापन वाढतं. जाडीचंही तसंच. सिरॅमिक पातळ केली की जास्त वाकते, पण तिच्यात जोर कमी आणि तडा लवकर.

दुसरी सुधारणा म्हणजे एकाऐवजी दोन चकत्या. एकाच पोकळीच्या दोन्ही भिंती हलत्या करायच्या, समोरासमोर. दोन्ही एकाच वेळी आत येतात, एकाच वेळी बाहेर जातात. विस्थापित हवा दुप्पट. शिवाय दोघींचे धक्के विरुद्ध दिशांचे असल्याने पेटीचा थरथराट बराचसा एकमेकांत जिरतो. भोक अशा वेळी चकतीच्या समोर न ठेवता पोकळीच्या कडेच्या भिंतीत ठेवतात. याचा आणखी एक फायदा असा की चपट्या पेट्या उभ्या करून शेजारी शेजारी रचता येतात आणि पंखाच्या एका मीटरमध्ये जास्त झोत बसतात.

तिसरी सुधारणा पदार्थाची. नेहमीची पीझेडटी असंख्य बारीक कणांची असते. तिच्याऐवजी एकसंध स्फटिक वापरला तर त्याच व्होल्टला कितीतरी जास्त हालचाल मिळते. हे स्फटिक महाग असतात, ठिसूळ असतात आणि तुलनेने कमी तापमानाला आपला गुण गमावतात. म्हणून कागदावर जेवढा फायदा दिसतो तेवढा हातात येत नाही.

नुसतं व्होल्ट वाढवलं तर? थोडं चालतं, मग अंगाशी येतं. बनवताना पीझेडटीला जोरदार विद्युतक्षेत्रात ठेवून तिच्या आतल्या ध्रुवांना एका दिशेला वळवलेलं असतं. तिचं सगळं बळ या शिस्तीत आहे. उलट्या दिशेचं क्षेत्र मर्यादेबाहेर गेलं की ही शिस्त मोडते आणि चकती हळूहळू मेल्यागत होते. यावरचा प्रचलित उपाय साधा आहे: व्होल्ट शून्याभोवती सारखं वर-खाली न करता सुलट दिशेला जास्त आणि उलट दिशेला कमी द्यायचं. त्याच मर्यादेत जास्त झोका मिळतो.

आणि मग तडे, डिंक, कडा. सेकंदाला हजार म्हणजे तासाला ३६ लाख फेरे. चकती मरते ती बहुधा सिरॅमिक आणि पितळ यांच्यामधल्या डिंकाच्या थरात किंवा कडेच्या पकडीपाशी. पकड सैल असेल तर कंप्रता घसरते, फार आवळली तर तडा जातो. प्रयोगशाळेत दोन ‘एकसारख्या’ पेट्या वेगवेगळ्या वागतात त्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रू कसे आवळले यात सापडतं. मोठ्या संख्येने बनवायचं तर ही हातची कसब चालत नाही. कड एकजीव करून, दरवेळी सारखीच येईल अशी बनवावी लागते.

उंचीवर गेल्यावर काय होतं?

जमिनीवर, १५ अंश सेल्सिअसला, आवाजाचा वेग ३४० मीटर प्रति सेकंद असतो. प्रवासी विमानाच्या उंचीवर, उणे ५५ अंशांपाशी, तो २९६वर येतो. पोकळीची कंप्रता आवाजाच्या वेगाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे जमिनीवर १,००० हर्ट्झला जुळवलेली पेटी वर गेल्यावर ८७० हर्ट्झ मागते. त्याच वेळी थंडीने चकतीचा कडकपणा आणि डिंकाचा ताण बदलतो. त्यामुळे चकतीची कंप्रता दुसरीकडेच सरकते. शिवाय पीझेडटीची प्रति व्होल्ट हालचालही थंडीत घटते. जमिनीवर एकमेकींच्या मिठीत बसवलेल्या दोन कंप्रता वर जाता जाता सुटतात आणि अरुंद शिखरावर उभं केलेलं यंत्र शिखरावरून घसरतं.

सुधारणेचा खरा कस इथे लागतो. जेट आणखी जोरदार करणं त्यामानाने सोपं आहे, ते जुळलेलं ठेवणं अवघड. मार्ग दोन. एक म्हणजे वर सांगितलेला रुंद पट्टा स्वीकारणं, थोडा कमाल वेग सोडून देऊन. दुसरा म्हणजे चकतीलाच विचारत राहणं. पिझो दोन्ही बाजूंनी काम करत असल्याने चकती स्वतःच संवेदकही असते. ती घेत असलेली वीज आणि दिलेलं व्होल्ट यांच्यातला आगेमागेपणा पाहिला की आपण अनुनादाच्या खाली आहोत की वर, ते कळतं. छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट त्यानुसार कंप्रता सतत सरकवत राहतं. हे तंत्र अल्ट्रासोनिक उपकरणांत रुळलेलं आहे. इथे अडचण संख्येची आहे. शेकडो चकत्या, प्रत्येकीचा लहरी स्वभाव वेगळा, आणि प्रत्येकीमागे वेगळं सर्किट म्हणजे पुन्हा वजन.

विजेचा खर्च परवडतो का?

पिझो चकती वीज पिते असं वाटतं, कारण शंभर-दोनशे व्होल्ट ऐकून छाती दडपते. प्रत्यक्षात विद्युतदृष्ट्या ती कपॅसिटर आहे. दर फेऱ्याला ती भरते आणि भरलेली बहुतेक ऊर्जा परत देते. २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ०.२ मिलिमीटर जाडीच्या मऊ जातीच्या पीझेडटीची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, ७० नॅनोफॅरडच्या घरात असते. हजार हर्ट्झला आणि शंभर व्होल्टच्या झोक्याला तिच्यात ये-जा करणारी शक्ती दोन व्होल्ट-अँपियरहून थोडी जास्त. झोतात प्रत्यक्ष जाते ती सुमारे ४० मिलिवॉट.

तोटा होतो तो या ये-जा करणाऱ्या ऊर्जेला साधा अॅम्प्लिफायर उष्णता म्हणून जाळून टाकतो म्हणून. परत आलेली ऊर्जा साठवून पुढच्या फेऱ्याला वापरणारं सर्किट केलं, किंवा कपॅसिटरला जुळणारी कॉइल लावली, तर हा खर्च बराच उतरतो. या विषयातल्या निबंधांत झोताच्या चित्रांना पानंच्या पानं मिळतात आणि सर्किटला एक परिच्छेद. वजनाच्या काट्यावर मात्र सर्किटच जड ठरतं.

हजार हर्ट्झ हवेच असतात का?

नाही, आणि गंमत अशी की प्रवाहाला बहुतेक वेळा ते नकोच असतात. विलग झालेल्या प्रवाहाची स्वतःची एक लय असते. ढोबळ नियम असा: प्रवाहाचा वेग भागिले विलग भागाची लांबी. एक मीटर लांबीच्या भागावरून ७० मीटर प्रति सेकंदाने हवा जात असेल तर ती लय ७० हर्ट्झच्या आसपास. त्या लयीला टोचलं तर थोड्या जोरात मोठा परिणाम होतो. पण आपल्या चकतीला ७० हर्ट्झला अनुनादच नाही, तिथे ती नुसती कुजबुजते.

तोडगा छान आहे. चकती तिच्या हजार हर्ट्झलाच चालवायची, पण सेकंदाला ७० वेळा चालू-बंद करायची. प्रवाहाला जाणवतात ते ७० हर्ट्झचे झटके, चकतीला मिळतो तिचा अनुनाद. झोताचा जोर न वाढवता त्याचा परिणाम वाढवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

मग विमानांवर हे का दिसत नाही?

अजिबात दिसलं नाही असं नाही. २००३ साली एक्स-व्ही-१५ या कलत्या रोटरच्या (पंखे वर किंवा पुढे वळवता येणाऱ्या) विमानावर असे शून्य-भरीचे झोत लावून उड्डाण झालं. तिथे रोटरची हवा पंखावर आदळून उचल खायची, तो तोटा कमी करायचा होता. ती यंत्रं मात्र पिझोची नव्हती, विद्युतचुंबकीय होती. २०१५मध्ये बोइंग आणि नासाने ७५७ विमानाच्या उभ्या शेपटीवर ३१ झोत लावून पाहिले. तेही सिंथेटिक जेट नव्हते, त्यांना विमानातूनच दाबाची हवा पुरवली होती. मोटारीतही प्रयत्न झाला. रेनोने २००६मध्ये अल्टिका नावाच्या संकल्पना-मोटारीच्या छताच्या मागच्या कडेला दोन मिलिमीटरची फट ठेवून तिथे सिंथेटिक जेट बसवला. ताशी १३० किलोमीटरला हवेचा विरोध १५ टक्क्यांनी घटतो आणि खर्च फक्त १० वॉटचा, असा कंपनीचा दावा होता. ती मोटार विक्रीला मात्र आली नाही.

मोठ्या विमानाचं गणित का बसत नाही, हे आपल्याच चकतीवरून दिसतं. झोताचा संवेग मुख्य प्रवाहाच्या मानाने किती, हे प्रमाण ०.१ टक्का हवं असं ढोबळमानाने धरू. परिस्थितीनुसार ते याच्या दहापट कमी किंवा जास्तही लागतं. ३० सेंटिमीटर रुंद पंखाचा ड्रोन १५ मीटर प्रति सेकंदाने उडत असेल, तर पंखाच्या दर मीटरला अशा सुमारे २७ चकत्या लागतात. ३० मिलिमीटरच्या चकत्या ओळीने बरोब्बर मावतात. आता तीन मीटर रुंद पंख आणि ७० मीटर प्रति सेकंदाचा वेग घ्या. दर मीटरला सहा हजारांच्या आसपास चकत्या! कमाल वेग वाढवण्याची एवढी धडपड का, हे इथे कळतं. झोताचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. पण भोक तेवढंच ठेवून वेग किती वाढवणार? ध्वनिवेगाकडे सरकलं की भोकातला प्रवाहच कोंडायला लागतो.

बाकीच्या अडचणी कमी झगमगीत आहेत, पण खऱ्या आहेत. एक मिलिमीटरचं भोक पाऊस, धूळ, किडे आणि बर्फ यांच्यासमोर उघडं असतं, आणि हे भोक शोषतंसुद्धा. काही चकत्या बंद पडल्या तर विमान एका बाजूला झुकणार नाही, हे प्रमाणपत्र देणाऱ्यांना पटवावं लागतं. त्यात पीझेडटीच्या वजनात ६० टक्क्यांहून जास्त शिसं असतं. युरोपीय संघाच्या घातक पदार्थांच्या नियमांत तिला सवलत आहे म्हणून ती चालते. बिनशिशाच्या सिरॅमिक आहेत, पण त्याच व्होल्टला त्या सहसा कमी वाकतात.

त्यामुळे आधी ही चकती दिसेल ती छोट्या, मंद उडणाऱ्या ड्रोनवर, जिथे वेग कमी आणि उंचीही कमी, म्हणजे कंप्रता सरकण्याचा प्रश्नही अर्धा सुटलेला. आणि उड्डाणाशी काहीच संबंध नसलेल्या एका जागी ती आधीच आजमावली गेली आहे. जीई कंपनीने २०१२मध्ये दोन पिझो चकत्या समोरासमोर लावलेला, काही मिलिमीटर जाडीचा कूलर पातळ लॅपटॉप आणि टॅब्लेटसाठी दाखवला होता. तिथे ना पाऊस, ना उणे ५५ अंश. चिपवरचा गरम हवेचा थर उडवायला दीड मिलिन्यूटनसुद्धा पुष्कळ होतात. एकच अट जास्तीची होती: हजार हर्ट्झचा झोत कानाला शिट्टीसारखा टोचतो, म्हणून लॅपटॉपच्या चकत्या शंभर-दोनशे हर्ट्झच्या घरात चालवाव्या लागतात.